कवडीला दिलेलं लेकरू

वच्छलाचा मुलगा तिला "वच्छला" म्हणायचा.

माय नाही, आई नाही, नुसतं वच्छला. तीन वर्षांचं पोर, कमरेला करदोटा, अंगात कोणाच्या तरी मुलीचा जुना फ्रॉक, आणि नागपूरच्या इतवारीतल्या त्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सगळ्या हातगाडीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचं, "वच्छलाऽ, शी झाली!" हमाल हसायचे. समोरचा कापडवाला गादीवरून मान लांब करून बघायचा. आणि वच्छला हातातली कणीक परातीत टाकून, पाण्याचा गडवा घेऊन, दातओठ खात धावायची.

यात पोराचा काही दोष नव्हता. दोष म्हटला तर वच्छलाचाच, कारण तिनेच त्याला विकलं होतं.

विकलं म्हटल्यावर लगेच पोलिसात जाऊ नका. ज्या बाईची आधीची लेकरं जगत नाहीत, ती पुढचं लेकरू दुसऱ्या कोणाला तरी विकते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. म्हणजे यमाने येऊन विचारलंच, तर सांगता येतं की बाबा, हे माझं नाहीच. यमाला एवढी सोपी गोष्ट कशी कळत नाही, हे विचारायचं नसतं.

वच्छलाची दोन गेली होती. पहिल्या खेपेला तिने काय कमी तयारी केली होती? लग्नातलं मऊ लुगडं फाडून दहा दुपटी शिवली, काठाची कुंची केली, नवरा चंद्रभान भांड्यांच्या दुकानात नावं कोरायचं काम करायचा, त्याने एका चांदीच्या वाटीवर नुसताच वेल कोरून आणला, नावाची जागा मोकळी ठेवून. मुलगा नऊ दिवस जगला. दुसऱ्या खेपेला तीच दुपटी पुन्हा धुऊन वाळवली. मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला तेव्हा वच्छला ट्रंकेसमोर बसली, कडी उघडली, आणि झाकण काही तिच्याने उचलवलं नाही. शेजारच्या जिजाबाईने येऊन कडी परत लावली.

"या खेपेले काही तयारी करू नको," जिजाबाई म्हणाली. "एक टाका घालू नको. जन्मलं का मले देजो."

जिजाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा बाई, लोकांचे पापड लाटून द्यायची, शेवया करून द्यायची. मूलबाळ नव्हतं. आवाज मात्र सात लेकरांच्या आईचा. अडुसष्ट सालच्या श्रावणात वच्छलाला मुलगा झाला. बाराव्या दिवशी सुपात कोंडा पसरून त्यावर बाळ ठेवलं आणि सूप उंबरठ्यावर आणलं. जिजाबाई बाहेरून आली आणि तिने विचारलं, "कोनाचं हाय वं लेकरू?"

"तुमचंच हाय, घ्या," वच्छला म्हणाली. तीनदा म्हणावं लागतं. तिसऱ्यांदा म्हणताना तिने सुपाची कड घट्ट धरली होती. जिजाबाईने तिच्या तळहातावर एक कवडी ठेवली आणि सूप उचललं. कवडीला घेतलं म्हणून पोराचं नाव कवडू. वाटीवरच्या मोकळ्या जागेत काय कोरायचं, हे चंद्रभानने कोणाला विचारलं नाही.

बाकीच्या घरी हा सगळा दोन घटकांचा खेळ असतो. संध्याकाळी सूपभर ज्वारी देऊन लेकरू परत घेतात, नाव तेवढं मागे राहतं. जिजाबाईला हे मंजूर नव्हतं. तिचं म्हणणं, यम काय एवढा बुद्दू आहे? सकाळी विकलं, संध्याकाळी घेतलं, तो गल्लीच्या कोपऱ्यावरच बसलेला असेल. पाच वर्षं पुरी होईपर्यंत लेकरू माझं, राहील तुझ्या घरी. अंगावर नवं कापड घालायचं नाही, पाच घरचं मागून आणलेलं घालायचं. कोणी विचारलं तर माझं म्हणून सांगायचं. आणि तुला माय म्हणू द्यायचं नाही. तू दूध पाजणारी बाई.

वच्छलाने सगळं कबूल केलं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायली असती. पाच वर्षं म्हणजे किती दिवस, हा हिशेब त्या वेळी कोण करतं!

मग ते दिवस एकेक करून यायला लागले.

पाच घरचे कपडे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. कवडूच्या अंगात एका घरची चड्डी, दुसऱ्या घरचा फ्रॉक, डोक्यावर तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याची कानटोपी. ट्रंकेत मऊसूत दुपटी पडलेली आणि पोराच्या ढुंगणाला गोणपाटासारखं कापड. वच्छलाने एकदा गुपचूप कुंची बाहेर काढली, तर जिजाबाई खिडकीतून म्हणाली, "कोनाच्या जिवावर उठून राहिली वं?" कुंची परत ट्रंकेत गेली.

दात येताना पोर रात्रंदिवस रडलं. वच्छलाने बाळंतकाढ्याच्या बाईकडून घुटी आणली, ती जिजाबाईने नालीत ओतली आणि स्वतःची उगाळली. वच्छला म्हणायची, त्याला भात भरवू या. जिजाबाई म्हणायची, भाकरी कुस्करून. शेवटी पोर भातही खायचं आणि भाकरीही खायचं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण हा दोन्ही घरी जेवायचा, दोन्ही घरी सांडायचा, आणि मधल्या वेळात भिंतीची माती खायचा. माती काढायला वच्छलाने तोंडात बोट घातलं तर कडकडून चावायचा. चावल्यावर तिने हात उगारला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "माह्या लेकराले हात लावू नको हां!"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. स्वतःच्या पोटच्या पोराला एक धपाटा घालायची सोय नव्हती.

आणि पोर तरी कसलं! चालायला लागलं ते थेट पळायलाच. एका सकाळी चंद्रभानची नावं कोरायची छिन्नी नालीत टाकली. चंद्रभान नालीत कोपरापर्यंत हात घालून बसला, आणि हा वर उभा राहून टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी रॉकेलची बाटली पिठाच्या डब्यात. तिसऱ्या दिवशी पलंगाखाली लपून बसला आणि वच्छला सगळी इतवारी पालथी घालून आली, सराफ्यापर्यंत, भांडेवाल्यांच्या बर्तन ओळीपर्यंत, हातगाड्यांच्या चाकांखाली वाकून वाकून बघितलं. घरी आली तर तो जिजाबाईच्या मांडीवर बसून शेवया खात होता.

"इतकी काहून धावते तू?" जिजाबाईने विचारलं. "माह्याकडेच असते तो."

वच्छलाला त्या क्षणी शेवयांची परात उचलून गल्लीत भिरकावावीशी वाटली. तिने भिरकावली नाही. बाईचा जीव पोरात अडकलेला असला की तिला परातही उचलता येत नाही.

पण या सगळ्याहून एक गोष्ट तिला खुपत होती. कवडू चौदा महिन्यांचा असताना, ती चुलीपाशी ज्वारी निवडत बसलेली असताना, भिंतीपलीकडे तो पहिला शब्द बोलला. "माय." जिजाबाई आनंदाने केवढ्यांदा ओरडली! म्हणाली, "ऐकलं का वं? माय म्हनला!" वच्छलाने ऐकलं होतं. तिने ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडात कोंबून रडली. त्यानंतर पंधरा दिवसांनी पोर तिच्याकडे बोट दाखवून "वत्तला" म्हणालं, कारण जिजाबाई दिवसभर तीच हाक मारायची. गल्लीला गंमत वाटली. चंद्रभानला तो "चंदू" म्हणायचा, तर चंद्रभान हसायचा. पुरुषांना हसायला काय जातं!

दोन वर्षं ती त्या एका शब्दासाठी झुरली. फार नाही, एकदाच त्याने आपल्याला माय म्हणावं. मग हवं तर रॉकेल ओत, छिन्नी टाक, चाव.

कवडूला साडेतीन वर्षं झाली त्या माघात जिजाबाईच्या माहेरून, कुहीहून निरोप आला. जिजाबाईचा भाऊ रामाजी याला लकवा झाला होता, एक बाजू पार गेली. बायको आधीच वारलेली. धानाचं शेत पुतण्या बघत होता, पण माणसाचं हागणंमुतणं कोण बघणार? जिजाबाईने पापडाचं पोळपाट-लाटणं धुऊन ठेवलं आणि गाठोडं बांधायला घेतलं.

वच्छला दारात जाऊन उभी राहिली. "मावशी, जाता तं जा. पन पोट्टा मले वापस करून जा."

"अजून दीड वर्स हाय."

"तुमी तिकडे, तो इकडे. मंग कशाची विकली न् कशाची घेतली?"

"मी का मरून राहिली? कुहीले जाऊन राहिली. बोल तो बोल असते, वच्छला."

"तीन वर्स ऐकलं मी तुमचं!" वच्छलाचा आवाज चढला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. "काय घालू, काय चारू, केव्हा न्हाऊ घालू, सारं तुमाले विचारून केलं. लेकरू माह्या पोटातून निघालं, न् मले नावानं हाक मारते. लोक हासते मले! आता नाई ऐकत. द्या माहं लेकरू."

चंद्रभान मध्ये पडायला आला. "राहू दे वं, दीड वर्साचं काय एवढं..." वच्छलाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो छिन्नी शोधायला आत गेला.

जिजाबाईने अर्धं बांधलेलं गाठोडं बाजूला सारलं. मग तिने सूप काढलं. कवडू आता सुपात मावत नव्हता. त्याला सुपात उभं केलं, तर त्याने सूप डोक्यावर घेतलं आणि पळाला. दोघींनी मिळून पकडला. वच्छलाने जिजाबाईची कवडी जिजाबाईला दिली, वर सूपभर ज्वारी दिली, आणि जिजाबाईने तीनदा म्हटलं, "तुहं हाय, घे." तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर ती कवडी तिने वच्छलालाच परत दिली. "ठेव तुह्यापाशी. मले काय करायची?" आणि मागे न बघता इतवारी स्टेशनकडे निघाली.

त्या संध्याकाळी वच्छलाने ट्रंक उघडून कुंची बाहेर ठेवली, गुळाचा खडा हातात घेतला आणि कवडूला समोर बसवलं. "माय म्हन."

कवडूने तिच्याकडे पाहिलं, गुळाकडे पाहिलं. "माय कुहीले गेली."

"ते मावशी होय. मी माय."

"तू वच्छला."

"मी माय रे! माय म्हन, गूळ देतो."

"वच्छला, गूळ दे."

असं वीस दिवस चाललं. गूळ संपला, पेढा झाला, चापट झाली. हो, चापटही झाली, आता तिला कोण अडवणार होतं? पोर गळा काढून जिजाबाईच्या कुलूप लावलेल्या दारापाशी जाऊन बसायचं आणि कुलूप ओढत "माय, माय" करायचं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, लागेल वळण, धीर धर. धीर! साडेतीन वर्षं तिने दुसरं काय धरलं होतं? तिने त्याला दंडाला धरून घरात आणलं, स्वतः शिवलेला नवाकोरा सदरा घातला, आणि त्याने दोन तासांत त्याला शाई लावली.

एकविसाव्या दिवशी कवडूला ताप भरला.

पहिल्या दिवशी वच्छलाने ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी डोळे लाल, नाक गळतंय, खोकला. डॉक्टरने बाटलीत लाल औषध दिलं आणि चार दिवस वाट बघा म्हणाला. तिसऱ्या दिवशी पोर माती खायचंही विसरलं. ज्याच्या मागे धावून धावून तिचे पाय दुखायचे, ते जागचं हलेना. घर कसं शांत झालं होतं, आणि ती शांतता वच्छलाने आधी दोनदा ऐकलेली होती.

आता तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मी घाई केली. दीड वर्ष राहिलं होतं, आणि मी बोल मोडला. एका शब्दाच्या हावेपायी मी त्याला परत माझ्या नावावर आणला, नवा सदरा घातला, आणि गल्लीभर सांगत सुटले की माझा आहे, माझा आहे. ऐकणाऱ्याने ऐकलं.

चौथ्या दिवशी सकाळी तिने शाईचा सदरा काढून जुना फ्रॉक त्याच्या अंगात घातला, वरून गोधडीत गुंडाळला, पदराच्या गाठीत कवडी बांधली. चंद्रभान म्हणाला, तापात लेकराला घेऊन कुठी चालली? ती उंबरठा ओलांडून निघालीसुद्धा. तो दुकानाला खाडा करून मागोमाग आला. इतवारी स्टेशनवर नागभीडकडे जाणारी छोटी गाडी उभी होती. ती गाडी एरवीसुद्धा बैलगाडीशी शर्यत लावत नाही; त्या दिवशी तर दर स्टेशनात पाणी प्यायला बसल्यासारखी थांबत होती. वच्छला खिडकीला डोकं लावून प्रत्येक थांब्याला गाडीला शिव्या देत होती, मोठ्याने. समोरच्या बाकावरच्या माणसाने आपलं गाठोडं उचललं आणि दुसरीकडे जाऊन बसला.

कुहीत रामाजीचं घर शोधायला वेळ लागला नाही. जिजाबाई अंगणात भावाची धोतरं वाळत घालत होती. तिने हातातलं ओलं धोतर तसंच टाकलं आणि धावत आली. वच्छलाने पोर तिच्या हातात दिलं, पदराची गाठ दातांनी सोडली, कवडी पुढे केली.

"घ्या. पुन्हा घ्या त्याले. माहं चुकलं. तुमचाच हाय, तुमचाच हाय, तुमचाच..."

"चूप!" जिजाबाई ओरडली. तिसऱ्यांदाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती पोराला घेऊन उजेडात बसली, गोधडी बाजूला केली, मान वळवून कानामागे पाहिलं. मग कपाळावरचे केस वर करून पाहिलं. तिथे बारीक लाल पुरळ उठलं होतं, रव्यासारखं.

"गोवर होय हे!" ती म्हणाली. "गोवर निघून राहिला लेकराले, न् तू त्याले गाडीत घालून हवा चारत आनलं? अक्कल गेल्ती का तुही? चंदू, तुले तरी काही कळते का नाई? शिमगा जवळ आला का अर्ध्या नागपूरच्या पोट्ट्याइले गोवर निघते. साऱ्याइच्या माया का कवड्या घेऊन फिरते?"

चंद्रभान अंगणातल्या कोंबडीकडे बघत राहिला.

"घ्या तरी," वच्छला म्हणाली. कवडीचा हात अजून पुढेच होता. "मले भेव लागते. तुमच्यापाशी होता तोवर त्याले काही झालं नाई. मले माय नाई म्हनला तं नाई. जिता राहू द्या."

जिजाबाईने पोराला घट्ट धरलं. तिचे डोळे भरले आणि ती संतापलीही, तिचं दोन्ही एकदमच होत असे. "मी का खुशीनं वापस केला होता? कुहीपावेतो रडत आली मी. आता पुन्हा घेतला तं पुन्हा द्या लागन ना, वच्छला. एकदाच झेपलं मले. दुसऱ्या बारीनं नाई झेपत."

तेवढ्यात कवडूने डोळे उघडले. ज्या मायसाठी तो वीस दिवस कुलूप ओढत होता, ती त्याच्या तोंडावर वाकलेली होती. तिने हळूच विचारलं, "माह्याजवळ रायतं का रे बापू?"

पोराने तिला ओळखलं. गालावरून हातही फिरवला. मग तोंड वाकडं केलं, कण्हलं, गोधडीतून दोन्ही हात बाहेर काढून इकडेतिकडे बघायला लागलं.

"वच्छला," तो म्हणाला. "वच्छलापाशी."

जिजाबाईने गोधडी त्याच्या अंगाभोवती नीट गुंडाळली. नंतर तिने त्याला उचलून दिलं. कवडूने वच्छलाच्या मानेत तापलेलं तोंड खुपसलं, मुठीत तिच्या पोलक्याची बाही धरली, आणि खोकल्याची उबळ येऊन सकाळचं लाल औषध सगळंच्या सगळं तिच्या लुगड्यावर ओकला. ओकून झाल्यावर पुन्हा तिथेच डोकं टेकलं.

"नावानं हाका मारून राहिला अजून," जिजाबाई नाक पुसत म्हणाली. "कवडू, माय म्हन रे तिले. म्हन बरं, माय."

वच्छलाने पोराच्या पाठीवर हात ठेवला. तिला रडू आवरेना. "राहू द्या मावशी," ती म्हणाली. "मले समजते."